खोली किती अंशाची असावी?
भोर-वेल्ह्यातील घरे, शाळा आणि तापमानाचा हिशेब

वैशाखातील दुपार. पुणे-सातारा रस्ता सोडून नसरापूरहून वेल्ह्याकडे वळले की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दोन प्रकारची घरे दिसू लागतात. एक जुने : दगड-मातीची रुंद भिंत, वर कौले, पुढे ओसरी. दुसरे अलीकडचे : विटांची पातळ भिंत आणि वर पत्रा. दोन्ही घरांत तापमापक टांगला आणि दोन्हींत पारा ३४ अंश सेल्सिअसवर थांबला असे समजू. तरीही जुन्या घरात माणसे भिंतीला टेकून विसावतील, तर पत्र्याखालची माणसे उठून झाडाच्या सावलीत जातील. तापमापक एकच आकडा सांगत असताना माणसांना दोन निराळे अनुभव का यावेत, हा प्रश्न घरकुले बांधणाऱ्या कुटुंबांच्या, शाळाखोल्या मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्यांच्या आणि अंगणवाडीत बसणाऱ्या मुलांच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे.

मानवी शरीर ही एक लहानशी भट्टीच होय. स्वस्थ बसलेला प्रौढ मनुष्य सुमारे १०० वॉट उष्णता सतत निर्माण करीत असतो आणि शरीराचे आतील तापमान ३७ अंशांच्या आसपास टिकविण्यासाठी ती बाहेर टाकणे त्याला भाग असते. ही उष्णता काही हवेला मिळते, काही घामाच्या बाष्पीभवनातून जाते आणि बराच भाग सभोवतालच्या भिंतींकडे व छपराकडे प्रारणाने जातो. त्वचेचे तापमान सामान्यतः ३३ ते ३४ अंश असते. भिंत व छप्पर त्याहून थंड असेल तर शरीराला उष्णता सोडता येते. उन्हात तापलेला पत्रा ६० अंशांच्याही पुढे जातो. तेव्हा देवघेव उलटी होते व छप्परच माणसाला उष्णता देऊ लागते. म्हणून खोली सुखद आहे की नाही हे हवेच्या तापमानावरून ठरत नाही. भिंती-छपराची उष्णता, हवेतील दमटपणा, वारा, अंगावरील कपडे आणि माणूस करीत असलेले काम या पाच गोष्टी तिच्या जोडीला विचारात घ्याव्या लागतात.

आकडे कोठून आले?

डेन्मार्कचे शास्त्रज्ञ फँगर यांनी १९७० साली प्रसिद्ध केलेला ग्रंथ या विषयातील पायाभूत मानला जातो. बंदिस्त खोलीत हलक्या कपड्यांत बसविलेल्या विद्यार्थ्यांवरील प्रयोगांतून त्यांनी सुखद तापमानाचे गणित मांडले. थंड हवेच्या देशातील त्या विद्यार्थ्यांनाही साधारण २५-२६ अंशच योग्य वाटले, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. जगातील अनेक वातानुकूलित कार्यालयांतील अरुंद तापमान-मर्यादा याच गणितावर उभ्या राहिल्या.

भारतात या विषयाचा स्वतंत्र विचार रुरकी येथील केंद्रीय भवन संशोधन संस्थेने केला. तेथील संशोधनातून ‘उष्णकटिबंधीय ग्रीष्म निर्देशांक’ तयार झाला व १९८६ मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्यानुसार २५ ते ३० हा निर्देशांक सुखद, ३० ते ३४ उबदार पण सोसण्याजोगा आणि त्यापुढे फार उष्ण असे मानले गेले. खालच्या बाजूस १९ ते २५ पर्यंतचा गारवा सोसता येतो, १९ च्या खाली थंडी वाजते. हा निर्देशांक ओल्या फडक्याच्या तापमापकावरून, गोल-तापमापकावरून आणि वाऱ्याच्या वेगावरून काढतात. गोल-तापमापक म्हणजे काळा रंग दिलेल्या पोकळ गोळ्यात बसविलेला तापमापक; भिंती व छपराची झळ त्यालाच कळते.

आरंभीच्या दोन घरांचा हिशेब या रीतीने करून पाहता येतो. ओल्या फडक्याचा तापमापक दोन्हीकडे २४ अंश धरू. मातीच्या भिंतीच्या घरात गोल-तापमापकही हवेइतकाच, म्हणजे ३४ अंश दाखवील. पत्र्याखाली तो ३८ दाखवील असे मानू. वारा पडलेला असताना पहिल्या घराचा निर्देशांक सुमारे साडेतेहतीस येतो, दुसऱ्याचा साडेछत्तीस. सेकंदाला एक मीटर वेगाची हवा देणारा पंखा लावला तर निर्देशांक सुमारे दोनने उतरतो. याचा अर्थ असा, की पत्र्याखाली पंखा लावून बसलेला मनुष्य पंख्याविना जुन्या घरात बसलेल्या शेजाऱ्यापेक्षा जास्तच तापतो. शिवाय त्याला विजेचे देयक भरावे लागते ते निराळेच.

अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाने २०१४ मध्ये मांडलेल्या प्रतिमानाने या विचाराला आणखी एक दिशा दिली. माणूस ऋतूबरोबर बदलतो. कपडे, सवयी व अपेक्षा बदलतो. म्हणून सुखद तापमान बाहेरच्या हवेवरून काढावे, हे त्यामागील तत्त्व. नैसर्गिक वायुवीजनाच्या इमारतींसाठी रीत सोपी आहे : गेल्या ३० दिवसांच्या बाहेरील सरासरी तापमानाला ०.५४ ने गुणावे व त्यात १२.८३ मिळवावेत. येणाऱ्या उत्तराच्या सुमारे २.४ अंश खाली व वर दहापैकी नऊ जणांना ठीक वाटते. हे प्रतिमान २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेत समाविष्ट झाले.

महिन्याची सरासरी ३० अंश असेल, अशा उन्हाळ्यात, उत्तर २९ येते. म्हणजे साधारण साडेसव्वीस ते साडेएकतीस अंश ही सुखद मर्यादा. सरासरी २० वर आलेल्या हिवाळ्यात ती सव्वाएकवीस ते २६ इतकी उतरते. अर्थात हे सर्वेक्षण कार्यालयांत बसून काम करणाऱ्यांचे होते. भाताची लावणी करून चिखलाने माखून घरी आलेल्या माणसाला पहिला अर्धा तास कोणतीही खोली उकडणारच.

खोऱ्यातील घर

वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये घेतला. लोकांच्या बोलण्यात जुने नाव अजून रुळलेले आहे. हा तालुका आणि शेजारचा भोर मिळून जो मुलूख होतो, त्यात एकच एक हवामान नाही. पूर्वेकडील महामार्गालगतची गावे उघडी व कोरडी आहेत. पश्चिमेस वरंधा घाटाकडील हिर्डोशी खोरे किंवा मढे घाटाजवळचे केळद येथे पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे सूर्य दिसत नाही. तोरण्याचा माथा सुमारे १४०० मीटर उंच आहे. उंचीबरोबर हवा दर हजार मीटरला सरासरी साडेसहा अंशांनी थंड होते. मात्र हिवाळ्याच्या निरभ्र रात्री थंड जड हवा डोंगरउतारावरून खाली उतरते व पहाटे खोऱ्याच्या तळाशी साचते, हे नदीकाठच्या गावांना पुस्तक न वाचताही ठाऊक आहे.

येथील जुन्या घराने या तिन्ही ऋतूंशी आपल्या परीने तडजोड केलेली दिसते. दीड-दोन फूट जाडीची भिंत दुपारची उष्णता लगेच आत येऊ देत नाही. ती आतल्या बाजूस पोहोचेपर्यंत रात्र झालेली असते आणि त्या वेळी माणसे ओसरीवर किंवा अंगणात निजलेली असतात. कौलांच्या फटींतून तापलेली हवा वर निघून जाते. माळ्यावर रचलेला पेंढा जनावरांची वैरण तर असतोच, पण छप्पर आणि माजघर यांच्यामधील पडदाही असतो. कारवीच्या कुडाला भिंतीची ही जाडी नाही; परंतु शेणमातीने लिंपलेला कूड तापतो तसा लवकर निवतोही. भोर येथील पंतसचिवांच्या राजवाड्यात हेच तत्त्व मोठ्या प्रमाणावर दिसते : जाड भिंती, मधोमध चौक, आणि चौकाभोवती सावलीचे सोपे.

या घरांचे गुणगान करताना त्यांतील उणिवा झाकून चालणार नाही. पावसाळ्यात भिंती ओल धरतात, चुलीचा धूर कोंडतो, कौले दरसाल चाळावी लागतात व त्यासाठी माणूस मिळत नाही. माकडांचा उपद्रव वेगळाच. पत्रा लोकांनी हौसेने घातलेला नाही. तो गळत नाही, एका दिवसात बसतो आणि पुढील अनेक वर्षे त्याकडे पाहावे लागत नाही. म्हणून ‘पत्रा काढा’ असा उपदेश करण्यापेक्षा पत्र्याखाली काय घालता येईल हा विचार अधिक उपयोगाचा ठरतो.

पत्रा व खोली यांच्यामध्ये बांबूच्या चटईचे छत घालून मधली पोकळी दोन्ही टोकांस जाळी लावून उघडी ठेवली, तर पत्र्याची थेट झळ तुटते. मार्च महिन्यात पत्र्यावर किंवा सिमेंटच्या छतावर चुन्याचा पांढरा हात दिल्यास ऊन मोठ्या प्रमाणात परतविले जाते. अहमदाबाद महानगरपालिकेने २०१३ मध्ये उष्णताविषयक कृती आराखडा आखला, त्यानंतर तेथे छपरे पांढरी करण्याचा कार्यक्रमही हाती घेण्यात आला. पावसाच्या माऱ्याखाली हा चुना टिकत नाही, तो दरवर्षी द्यावा लागतो. सिमेंटच्या छताची आणखी एक खोड आहे : दिवसभर साठविलेली उष्णता ते संध्याकाळनंतर खाली सोडते, म्हणजे नेमकी झोपेच्या वेळी. अशा घरात रात्री समोरासमोरच्या खिडक्या उघड्या असणे आवश्यक ठरते. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलात किमान क्षेत्र २५ चौरस मीटर असून बांधकाम ठेकेदाराकडे न देता लाभार्थ्याने स्वतः करावयाचे असते. त्यामुळे खिडकीची जागा, पश्चिमेच्या भिंतीपुढील पडवी किंवा चार वासे लावून केलेला मांडव या गोष्टी पाया खणण्यापूर्वी त्याच्याच हातात असतात.

थंडीकडे आपल्याकडे सहसा दुर्लक्ष होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या मार्गदर्शक सूत्रांत थंड ऋतूत घरातील तापमान १८ अंशांच्या खाली जाऊ नये असे सुचविले आहे. खोऱ्यातील पातळ भिंतीच्या खोलीत पौषाच्या पहाटे ही पातळी राखणे अवघडच. बाळंतीण, तान्हे मूल व वृद्ध यांना अशा वेळी बंद खोलीत शेगडी पेटवून ऊब देण्याचा प्रघात मात्र घातक आहे. कोळशाच्या धगीतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू रंगहीन व गंधहीन असल्याने त्याची चाहूलही लागत नाही. घोंगडी, गोधडी आणि वाऱ्याच्या बाजूची बंद केलेली फट हेच तेथे सुरक्षित उपाय.

शाळेत करता येण्याजोगे मापन

शहरात हा प्रश्न यंत्राच्या कळेवर आला आहे. जानेवारी २०२० पासून तारांकित वातानुकूलन यंत्रे आरंभीच २४ अंशांवर लावलेली असावीत असा नियम झाला. एक अंश वाढविल्यास सुमारे सहा टक्के वीज वाचते असे ऊर्जा दक्षता ब्युरोचे सांगणे आहे. डोंगरातील शाळेला अशी कळ नाही. तिच्याकडे सकाळच्या शाळेचा मार्ग आहे, आणि तो केव्हा सुरू करावा हे आकड्यांवरून सांगता येईल.

त्यासाठी महागडी साधने लागत नाहीत. दोन साधे तापमापक, ओले फडके आणि एक टेबल टेनिसचा चेंडू पुरेसा आहे. चेंडूला छिद्र पाडून तो काळा रंगवावा, तापमापकाचे टोक त्यात बसवावे व फट बंद करावी. चाळीस मिलिमीटर व्यासाचा गोळा खोलीतील मापनास चांगला असल्याचे इंग्लंडचे संशोधक हम्फ्रीज यांनी १९७० च्या दशकात दाखविले आहे. दुसऱ्या तापमापकाने प्रथम हवेचे तापमान घ्यावे, मग त्याच्या टोकाला ओले फडके गुंडाळून पुन्हा नोंद करावी. साधने भिंतीवर न टांगता बसलेल्या मुलाच्या छातीच्या उंचीवर, उन्हाची तिरीप येणार नाही अशा जागी ठेवावीत. सकाळी आठ, दुपारी बारा आणि तीन अशा वेळांच्या नोंदी सातवीचे विद्यार्थी सहज ठेवू शकतात. व्हरांड्यातही त्याच वेळी पाहावे. वर्गातील चेंडू व्हरांड्यातील चेंडूपेक्षा तीन-चार अंश अधिक दाखवू लागला, तर दोष छपराचा आहे हे स्पष्ट होते. शाळा व्यवस्थापन समितीच्या दुरुस्तीच्या ठरावासोबत या नोंदींची वही जोडता येते. मार्च ते मे अशा तीन महिन्यांच्या नोंदींना वहीची दहा-बारा पाने लागतात.