वरातीतलं मिक्सिंग आणि पेटीच्या पट्ट्या 🎧

वाशिम, रिसोड, कारंजा, वरात कुठलीही असो, डीजेनं गाणं बदलताच नाचणारे अडखळले की समजा, लय नाही तर पट्टी चुकली!

वरातीत रॉकाबिलीच्या ढंगाची गाणीही मिसळता येतात. रॉकाबिली म्हणजे १९५४-५५ च्या सुमाराचं अमेरिकन धावतं संगीत. आपल्याकडं तसा रॉक अँड रोलचा ढंग 'ईना मीना डीका'त सापडतो. चित्रपट 'आशा' (१९५७), संगीत पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांचं.

अशी गाणी जोडायची कशी?

🔹 लय : मिनिटाला १८० बीट्सचं गाणं ९० च्या गाण्याशी जुळतं. दुगुनीचाच हिशेब.

🔹 पट्टी : पहिलं गाणं पांढरी एकमध्ये असेल, तर पुढचं पांढरी चार किंवा पांढरी पाचमध्ये घ्या. म्हणजे सा-म आणि सा-प. रॉकाबिलीच्या बहुतेक चाली याच तीन स्वरांच्या कॉर्डवर फिरतात. डीजेंच्या कॅमेलॉट चक्रात (पट्ट्यांना आकडे देणाऱ्या तक्त्यात) पांढरी एक मेजर म्हणजे ८बी. शेजारी ७बी, ९बी.

🔹 सापळा : की-लॉक (वेग बदलला तरी सूर जागेवर ठेवणारी सोय) बंद ठेवून १७० चं गाणं १८० वर नेलं, तर वेग सुमारे ६ टक्के वाढतो आणि सूर जवळजवळ अर्धा चढतो. पांढरी एकची होते काळी एक!

आधी पेटीवर सा शोधा, मगच फेडर सरकवा.