सलामीच्या सामन्यावरचा राग

१७ ऑगस्ट २०१३ रोजी लंडनच्या एमिरेट्स मैदानावर आर्सेनलच्या हंगामाची सुरुवात झाली आणि सहाव्याच मिनिटाला ऑलिव्हिए जिरूने गोल केला. पण ॲस्टन व्हिलाच्या बेन्टेकेने दोन गोल मारले, आर्सेनलचा बचावपटू कोसिएल्नी लाल कार्ड घेऊन बाहेर गेला, अँटोनियो लुनाने तिसरा गोल चढवला आणि सामना ३-१ असा हातचा गेला. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली, ‘पैसे खर्च करा’ असा घोषा लावला. ज्याने फक्त तो सामना पाहिला, त्याला हा राग पराभवाच्या मानाने फार मोठा वाटला असता. पण चाहते त्या एका सामन्यावर चिडलेच नव्हते. २००५ नंतर क्लबने एकही करंडक जिंकला नव्हता, तिकिटे मात्र इंग्लंडमधल्या सर्वांत महागड्यांपैकी होती. त्या उन्हाळ्यात लुईस सुआरेझसाठी लिव्हरपूलला चार कोटी पौंड आणि वर एक पौंड अशी बोली लावून झाली होती आणि ती फेटाळलीही गेली होती. सामन्याच्या दिवशी पदरात होता तो ऑक्झेरकडून फुकट मिळालेला तरुण याया सानोगो. साचलेल्या या सगळ्या नाराजीला त्या दुपारी तोंड फुटले. सलामीच्या सामन्यावरची प्रतिक्रिया वाचायची ती अशी. भाकीत म्हणून तिला फारशी किंमत नाही. क्लबचा कारभार कसा चालला आहे याची साक्ष म्हणून मात्र तिची किंमत मोठी आहे.

भाकिताची बाजू तपासायला १४ ऑगस्ट २०१० हा एकच दिवस पुरेसा आहे. प्रीमियर लीगमध्ये पहिल्यांदाच आलेल्या ब्लॅकपूलने त्या दिवशी विगनला त्यांच्याच मैदानावर ४-० असे धुतले. संध्याकाळी चेल्सीने वेस्ट ब्रॉमवर सहा गोल चढवले. पुढच्याच आठवड्यात चेल्सीने विगनलाही ६-० ने हरवले. दोन सामने, दहा गोल खाल्लेले, एकही मारलेला नाही आणि दोन्ही सामने घरच्या मैदानावर: विगनच्या चाहत्याने हंगाम बुडाला असे म्हटले असते तर त्याला कोण चूक म्हणणार होते? पण तिसऱ्या सामन्यात विगनने टॉटनहॅमला त्यांच्या घरी १-० ने हरवले. विगनचे प्रशिक्षक रोबेर्तो मार्तिनेझ यांचे पद टिकले आणि शेवटच्या दिवशी स्टोकमध्ये जिंकून संघ सोळाव्या स्थानावर तरला. सहा गोल खाणारा वेस्ट ब्रॉम अकरावा आला. ब्लॅकपूल एकोणिसावा येऊन खालच्या श्रेणीत गेला. चेल्सीला विजेतेपद राखता आले नाही, आणि प्रशिक्षक कार्लो अँचेलॉटी यांना हंगाम संपताच पद सोडावे लागले. ॲस्टन व्हिलाची गोष्ट याहून विलक्षण. त्यांचे प्रशिक्षक मार्टिन ओ’नील हंगामाला पाच दिवस उरले असताना राजीनामा देऊन गेले होते. तरी संघाने पहिला सामना ३-० ने जिंकला. पुढच्या आठवड्यात न्यूकॅसलने त्यांना ६-० ने लोळवले, आणि हा न्यूकॅसल स्वतःचा पहिला सामना ०-३ असा हरून आलेला होता.

असे होण्यामागे कारणे आहेत. फुटबॉलमध्ये गोल थोडे होतात, त्यामुळे एका पेनल्टीने किंवा एका लाल कार्डाने निकाल फिरतो. अशी उलटसुलट नशिबे अडतीस सामन्यांत बरीचशी एकमेकांना भरून काढतात. एका सामन्यात ती सोय नसते. शिवाय ऑगस्टच्या मध्याला संघ अजून पुरता बनलेला नसतो. इंग्लंडमध्ये २०१० आणि २०१३ या दोन्ही वर्षी खेळाडूंच्या खरेदी-विक्रीची मुदत हंगाम सुरू झाल्यावरही दोनेक आठवडे चालू होती. २०१० मध्ये तर कित्येक खेळाडू विश्वचषक खेळून उशिरा परतले होते. आपल्याकडचे उदाहरण मुंबई सिटीचे. कोविडमुळे २०२०-२१ची इंडियन सुपर लीग सबंध गोव्यात, रिकाम्या मैदानांवर झाली. २१ नोव्हेंबरला वास्कोच्या टिळक मैदानावर मुंबईचा पहिला सामना नॉर्थईस्ट युनायटेडशी होता. प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा आणि त्यांचे काही बिनीचे खेळाडू एफसी गोवाकडून मुंबईत आले होते, त्यामुळे अपेक्षा आभाळाला टेकल्या होत्या. मध्यंतराच्या सुमारास अहमद जाहूला लाल कार्ड मिळाले, नंतर पेनल्टीवर गोल झाला आणि मुंबई ०-१ हरली. त्याच संघाने पुढे लीग शील्ड आणि करंडक दोन्ही जिंकले.

यावर पहिला आक्षेप असा, की पहिल्या सामन्याचे गुण शेवटच्या सामन्याइतकेच असतात, मग तो हलक्यात का घ्यायचा? हे अगदी खरे आहे. २०१०-११ मध्ये बर्मिंगहॅम आणि ब्लॅकपूल ३९ गुणांवर बुडाले, वुल्व्ह्‌ज ४० गुणांवर वाचले. मुंबईला शील्ड मिळाली तीही मोहन बागानच्या बरोबरीच्या ४० गुणांवर. पण गुण गमावल्याचे दुःख वेगळे आणि त्या गुणांवरून पुढच्या नऊ महिन्यांचे भविष्य सांगणे वेगळे. दुसरा आक्षेप: काही वेळा पहिला दिवस खरेच बोलतो. २०१० च्या सलामीला व्हिलाकडून हरलेला वेस्ट हॅम त्या हंगामात तळाशीच राहिला. २०१५ मध्ये लेस्टरने सलामीला संडरलंडला ४-२ ने हरवले आणि पुढे विजेतेपद मिळवले. मात्र लेस्टर जिंकेल असे त्या निकालावरून कोणी म्हटले नव्हते, म्हणणे शक्यही नव्हते. खरे ठरलेले दिवस आठवणीत राहतात आणि खोटे ठरलेले विसरले जातात, म्हणून हा आक्षेप आहे त्यापेक्षा जोरदार वाटतो.

तिसरा आक्षेप सर्वांत महत्त्वाचा: मग चाहत्याने गप्प बसायचे का? मुळीच नाही. आर्सेनलचेच पाहा. २ सप्टेंबर २०१३ रोजी क्लबने मेसुत ओझिलला सव्वाचार कोटी पौंडांच्या आसपास किंमत देऊन आणले. क्लबच्या इतिहासातली तोवरची ती सर्वांत मोठी खरेदी. ती चाहत्यांच्या घोषणांमुळेच झाली असा दावा करता येणार नाही, पण संघात जी उणीव चाहते ओरडून सांगत होते ती क्लबलाही मान्य होती, एवढे त्यातून दिसते. संघ ७९ गुणांसह चौथा आला आणि मे महिन्यात एफए कप जिंकून त्याने नऊ वर्षांचा दुष्काळ संपवला. म्हणजे ‘हंगाम गेला’ हे चाहत्यांचे भाकीत चुकले आणि ‘संघात माणसे कमी आहेत’ ही तक्रार बरोबर निघाली. जो वर्षानुवर्षे तोच संघ पाहतो, त्याला बचावफळीतली पोकळी किंवा प्रशिक्षकाची अडून बसलेली सवय इतरांच्या आधी दिसते. ही नजर मोलाची आहे, आणि तिला भावनेच्या भरातली बडबड म्हणून झटकणाऱ्या क्लबचालकांचे नुकसानच होते.

याच्या उलटही नुकसान होते. मालक चाहत्यांच्या साक्षीलाच निकालपत्र मानतात तेव्हा काय होते, ते क्रिस्टल पॅलेसने दाखवले. २०१७ मध्ये फ्रँक डी बोअर यांच्या हाताखाली पॅलेस पहिला सामना घरीच हडर्सफील्डकडून ०-३ हरला. लीगचे चार सामने झाले, चारही हरले, एकही गोल नाही, आणि डी बोअर यांना काढून टाकण्यात आले. पॅलेस अखेर अकरावा आला, तेव्हा हकालपट्टी योग्यच होती असे म्हणणारे आहेत, आणि त्यांच्या जागी आलेल्या रॉय हॉजसन यांनी संघ सावरला हे नाकारता येत नाही. तरी लीगमधले पुढचे तीन सामने हॉजसनही एकही गोल न करता हरले, त्यातले दोन मँचेस्टरच्या दोन संघांकडून पाच आणि चार गोल खाऊन. त्यांना मात्र वेळ मिळाला. संघाचा सर्वांत धोकादायक आघाडीवीर विल्फ्रेड झाहा हडर्सफील्डविरुद्धच्या त्या पहिल्याच सामन्यात गुडघा दुखावून बसला होता. धावफलकावर त्याची नोंद कुठेच नव्हती, तिथे फक्त ०-३ होते. १४ ऑक्टोबरला झाहा परतला, पॅलेसने गतविजेत्या चेल्सीला २-१ ने हरवले आणि विजयी गोल झाहाचाच होता.