चेहऱ्यावरून खोटं ओळखता येतं का?

पनवेलजवळच्या शिरढोणात १८४५ साली जन्मलेले वासुदेव बळवंत फडके पुण्यात इंग्रजांच्याच लष्करी हिशेब खात्यात कारकून होते. हाताने खर्डेघाशी, मनात बंड. त्या बंडाबद्दल १८७९ मध्ये पकडले गेल्यावर खटल्यात त्यांच्याविरुद्ध वापरली गेली ती चेहऱ्यावरची खूण नव्हे, तर त्यांनीच लिहिलेली रोजनिशी.

तरीही नजर चुकवणं, नाक खाजवणं, घाम फुटणं ही खोटेपणाची लक्षणं मानली जातात. खरं तर ती ताणाची असतात. निरपराध माणूसही फौजदारासमोर चाचरतोच. शिवाय मोठ्यांपुढे नजर खाली ठेवायला मुलांना शिकवतो कोण? आपणच!

बॉन्ड आणि डीपॉलो या अभ्यासकांनी २००६ मध्ये अनेक प्रयोगांचे निकाल एकत्र तपासले. खरं-खोटं ओळखण्यात लोक सरासरी ५४ टक्के वेळाच बरोबर ठरले. नाणं उडवलं तरी ५० मिळतात. पोलिसांसारखी सरावलेली मंडळीही फारशी पुढे नव्हती.

त्यापेक्षा बोलणं ऐकावं. अनपेक्षित तपशील विचारावा, घटना शेवटाकडून सुरुवातीकडे सांगायला लावावी. रचलेली गोष्ट तिथे अडखळण्याची शक्यता जास्त. आणि सांगितलेलं तिकिटाशी, पावतीशी, फोनच्या नोंदीशी ताडून पाहावं.