मोडका हात आणि 77 मिनिटं

‘अ‍ॅशेस’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर क्रिकेटच येतं. पण रग्बी लीगमध्येही ग्रेट ब्रिटन आणि ऑस्ट्रेलिया अ‍ॅशेससाठीच भिडायचे. आणि या अ‍ॅशेसमधली सर्वांत भन्नाट गोष्ट आहे अ‍ॅलन प्रेस्कॉटची.

आधी खेळाबद्दल थोडं. 1895 मध्ये उत्तर इंग्लंडमधले क्लब मूळ रग्बी संघटनेतून फुटून बाहेर पडले. कारण साधं होतं. तिकडचे खेळाडू गिरण्यांत आणि खाणींत राबणारे. मॅचसाठी कामावर खाडा झाला की पगार बुडायचा, आणि त्याची भरपाई द्यायला संघटना तयार नव्हती. त्यातून रग्बी लीग जन्माला आली. यात एका टीममध्ये 15 ऐवजी 13 खेळाडू असतात.

प्रेस्कॉटचा जन्म 1927 चा, विडनेस गावचा. हॅलिफॅक्स क्लबकडून तो विंगवर, म्हणजे अगदी कडेला पळणारा खेळाडू म्हणून खेळायचा. 1949 मध्ये तो सेंट हेलेन्सला आला आणि चक्क प्रॉप झाला! प्रॉप म्हणजे स्क्रमच्या पहिल्या रांगेतला खांब. दोन्हीकडचे सहा-सहा फॉरवर्ड खांद्याला खांदा भिडवून रेटतात, तेव्हा सगळा भार आधी याच्यावर येतो. 1956 मध्ये त्याच्या कॅप्टनशिपखाली सेंट हेलेन्सने पहिल्यांदा चॅलेंज कप जिंकला. समोर हॅलिफॅक्सच होतं, आणि फायनलमधल्या सर्वोत्तम खेळाडूची लान्स टॉड ट्रॉफीही त्यालाच मिळाली.

1958 मध्ये तो ग्रेट ब्रिटनचा कॅप्टन म्हणून ऑस्ट्रेलियाला गेला. पहिली टेस्ट 25-8 अशी हरली. दुसरी 5 जुलैला ब्रिस्बेनला. ती हरली की सिरीज गेली. आणि तिसऱ्या-चौथ्या मिनिटालाच प्रेस्कॉटचा उजवा हात मोडला.

त्या काळी बदली खेळाडू नावाची भानगडच नव्हती. कोणी बाहेर गेलं की उरलेल्यांनी भागवायचं. त्यातच डेव्ह बोल्टनचं कॉलरबोन मोडलं आणि तो बाहेर गेला. आता कॅप्टनही गेला तर राहणार अकराच. प्रेस्कॉट शेवटपर्यंत मैदानात राहिला, उजवा हात तसाच लोंबकळत ठेवून. ब्रिटन 25-18 ने जिंकलं. तिसरी टेस्ट त्याच्याशिवाय 40-17 ने जिंकून सिरीजही घेतली. प्रेस्कॉट मात्र पुन्हा टेस्ट खेळला नाही.

हा शूरपणा की वेडेपणा? मला वाटतं, दोन्ही. पण त्याच्यावर ही वेळ आणली ती नियमाने. आपण साध्या पंपालाही एक स्टँडबाय ठेवतो, इथे माणसांना स्टँडबाय नव्हता! बदली खेळाडूंना मर्यादित परवानगी मिळाली ती 1964 मध्ये. आज असा हात मोडला तर डॉक्टर खेळाडूला मैदानात थांबूच देणार नाहीत. प्रेस्कॉटला सलाम करायचाच, पण पुन्हा कुणाला प्रेस्कॉट व्हावं लागू नये, हे जास्त महत्त्वाचं. नाही का?