विषाणुज्वरातील लंघन आणि रुग्णाचे बल

एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीतच, बीड जिल्ह्यातील हजारो ऊसतोड मजूर गावी परतले. अशा श्रमक्षीण रुग्णास विषाणुज्वरात दीर्घ लंघन देऊ नये. नवज्वरात प्रथम लंघन सांगणाऱ्या चरकाचार्यांनीच क्षयज व श्रमज ज्वर त्यातून वगळले असून, लंघन बलाच्या आड येऊ नये असेही बजावले आहे. भूक लागताच पेया, मग मुगाचे कढण, पुढे ज्वारीच्या कण्या द्याव्यात. कढणातून प्रथिनेही मिळतात. धाप लागल्यास मात्र पथ्य सांगत न बसता रुग्णालय गाठावयास लावावे.

औषधविक्रेत्यांनी च्यवनप्राश देताना मधुमेहाची चौकशी अवश्य करावी. आयुष मंत्रालयाने २०२० मध्ये मधुमेहींसाठी शर्कराविरहित च्यवनप्राशच सुचविला होता. २०२१ मध्ये म्युकरमायकोसिसने प्रामुख्याने मधुमेहींनाच गाठले.