विदुषीचा पश्चात्ताप आणि केडगावचे संजीवन

दौंड तालुक्यातील केडगाव येथे पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशन या निराधार स्त्रियांच्या आश्रमात १९०५ साली घडलेल्या संजीवनाचा, म्हणजेच सामुदायिक आध्यात्मिक जागृतीचा, उल्लेख ख्रिस्ती मंडळीच्या जागतिक इतिहासात आवर्जून होतो. मात्र त्यातील पश्चात्तापाचा अर्थ कळण्यासाठी रमाबाईंच्या स्वतःच्या वाटचालीपासूनच सुरुवात करावी लागते.

ख्रिस्ती विचारात पश्चात्ताप म्हणजे नुसती हळहळ नव्हे, तर पाप ओळखून ते देवापुढे कबूल करणे आणि चुकीची वाट सोडून मागे फिरणे होय. लूकच्या शुभवर्तमानातील जक्कय हा जकातदार लुबाडलेले धन चौपट परत करण्यास तयार होतो, तर त्याच ग्रंथातील दाखल्यात स्वतःचे पुण्य मोजणाऱ्या परूश्यापेक्षा, म्हणजे कर्मठ धर्मनिष्ठापेक्षा, ऊर बडवून दया मागणारा जकातदार नीतिमान ठरतो. लायकी नसताना मिळणारी क्षमा, जिला कृपा म्हणतात, ती स्वीकारण्यासाठी स्वतःच्या थोरवीचा दावा सोडणे, हीच येथे नम्रता मानली आहे.

असा दावा करण्याजोगे रमाबाईंपाशी पुष्कळ होते. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्यांनी गौरविले होते. १८८३ साली इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तरीही पुढे आपल्या साक्षीत, म्हणजे श्रद्धेच्या जाहीर निवेदनात, त्यांनी असे नमूद केले की ख्रिस्ती धर्म पटला असला तरी प्रत्यक्ष ख्रिस्ताची ओळख आपल्याला बऱ्याच वर्षांनी झाली.

१८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या अनेक निराधार मुली व विधवा केडगावात राहत होत्या, आणि समाजाने पतित ठरवलेल्या स्त्रियांसाठी तेथे ‘कृपासदन’ चालत असे. १९०५च्या प्रारंभापासून रमाबाईंच्या आवाहनावरून रोज प्रार्थनासभा भरू लागल्या आणि जूनअखेर अनेकजणी रडत आपली पापे कबूल करू लागल्या, तर सगळ्या मिळून एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करीत. या भावनावेगावर टीकाही झाली. परंतु भारतीय स्त्रियांनी आपल्या रीतीने देवाला आळवावे, यात रमाबाईंना काही वावगे वाटले नाही. पुढे यांतील मुलींच्या तुकड्या आसपासच्या गावांत सुवार्ता सांगण्यास जाऊ लागल्या.

रमाबाईंनी स्वतः हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले आणि अल्पशिक्षित बायकांनाही समजेल इतकी भाषा सोपी ठेवण्याचा आग्रह धरला. खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतची कामे मुक्तीतील स्त्रियाच करीत. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले, त्याआधी थोडेच दिवस हे भाषांतराचे काम पुरे झाले होते आणि ग्रंथ १९२४ साली प्रसिद्ध झाला.

पतित म्हणून हिणवलेल्या स्त्रीकडून पश्चात्तापाची अपेक्षा करणे समाजाला कधीच जड गेले नाही. केडगावचे वेगळेपण हे की तेथे त्याची गरज सर्वांत आधी एका विदुषीने स्वतःपुरती मान्य केली आणि मगच ती इतरांपुढे मांडली.