तामसीकरांसाठी आरोग्यश्री : हप्ता शून्य

काय मिळतं? तेलंगणातील पात्र कुटुंबाला वर्षाला 10 लाख रुपयांपर्यंत कॅशलेस उपचार. 9 डिसेंबर 2023 पर्यंत ही मर्यादा 5 लाख होती. योजना 2007 पासूनची, अविभाजित आंध्र प्रदेशच्या काळातली.

पात्र कोण? तेलंगणाचं अन्नसुरक्षा रेशनकार्ड असलेलं कुटुंब. हप्ता भरावा लागत नाही.

नाव तपासा : महाराष्ट्रातल्या किनवटकडून आलेल्या सुनेचं नाव बहुधा माहेरच्या कार्डावरच राहतं. ते तिथून कमी करून दाखला घ्या आणि इथल्या कार्डात चढवण्यासाठी मीसेवा केंद्रात अर्ज द्या. बाळाचं नावही लगेच घाला. ऐन आजारपणात धावाधाव नको.

दवाखान्यात : रेशनकार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनिसाला) भेटा. आजार यादीत आहे का, हे दाखल होण्याआधीच विचारा. साधा ताप-खोकला, बाहेरून आणलेली गोळी यात धरली जात नाही.

सत्तरी ओलांडली? केंद्राच्या आयुष्मान योजनेचं वयवंदना कार्डही काढता येतं; त्यासाठी उत्पन्नाची अट नाही, आधार पुरे.

चौकशी : आरोग्यश्री 104, आयुष्मान 14555.